बाजूला

दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या थेन हाल्डर्सनला समोरच्या भिंतीवर आपली घळ दिसली. आधी त्याने तिकडे लक्षच दिलं नव्हतं. अशा भिंतींवर काय असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं: लाल खडक, निळं आकाश आणि खाली एखादं शहाणपणाचं वाक्य. सॉल्ट लेक सिटीतल्या कितीतरी दवाखान्यांना असले खडक त्यानेच पुरवले होते, आणि ते टांगणाऱ्यांची त्याला कीव येत असे. पण उजवीकडची दुखरी दाढ जिभेने चाचपता चाचपता त्याची नजर खडकाच्या एका वळणावर गेली आणि जीभ जागीच थांबली. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या कमरेसारखं वर चढून एकदम खाली उतरणारं वळण, आणि त्याच्या वर, दोन भिंतींच्या मध्ये आडवं अडकलेलं, कधीतरी पुरात वाहून आलेलं झाडाचं खोड. हे वळण जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण फक्त थेनला माहीत होतं. सत्त्याऐंशी साली तिथे काढलेल्या एका फोटोवर त्याचं नाव झालं होतं, वर्ग चालले होते, पुस्तकं निघाली होती. जागा कुठे आहे ते त्याने आजपर्यंत एकालाही सांगितलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीचं नाव ब्रिन्ली होतं. हल्ली या राज्यात मुलींना अशीच नावं ठेवत. आईबापांनी मूठभर अक्षरं जमिनीवर टाकून हाताला लागतील ती उचलावीत तशी. "हा फोटो कुणी काढलाय?" त्याने विचारलं.

"आवडला? मीच काढलाय, फोनवर. डॉक्टर म्हणाले मोठा करून लावू या."

"कुठे काढला?"

"पेज गावाच्या पुढे. नावाहो आदिवासी लोकांची टूर असते, ट्रकमधून नेतात. गाइड बाई इतकी हसवते की विचारू नका. ब्रदर हाल्डर्सन, तुम्ही जाऊन याच. तुम्हालाही फोटोंची हौस आहे ना?" चर्चमधल्या रीतीप्रमाणे ती त्याला ब्रदर म्हणत होती. मग तिला काहीतरी कबूल करावंसं वाटलं. "थोडा रंग वाढवलाय मी."

रंग वाढवलेला त्याला लांबूनच कळला होता. खडक टोमॅटोच्या सॉससारखा दिसत होता. पण रंग सोडला तर फोटो वाईट नव्हता, आणि खरी बोच तीच होती. मुलीने बरोबर तिथेच उभं राहून, बरोबर तेवढंच घेतलं होतं. वाईट असता तर तो गप्प खुर्चीत जाऊन बसला असता आणि दाढ दाखवून घरी गेला असता. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो कोट घालत होता. "दाढेचं काय?" ब्रिन्लीने विचारलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि खाली येऊन ट्रकमध्ये बसला. दक्षिणेकडचा रस्ता धरेपर्यंत आपण कुठे निघालोय हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

हा रस्ता त्याच्या अंगवळणी पडलेला होता. शहर संपायला तास लागे. गोदामं, गाड्यांची दुकानं, एकाच साच्यातून काढलेली चर्चं आणि एकाच साच्यातून काढलेली घरं, दारात एकाच साच्यातून काढलेली मुलं. मग हळूहळू डोंगर लांब सरकत, गवत वाळत जाई, माती आधी पिवळट आणि मग लाल होई. लाल होऊ लागली की त्याला बरं वाटायचं, कारण तिथून पुढे माणसं कमी व्हायची. निदान पूर्वी व्हायची. आता पेट्रोल पंपावर उतरलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण पाठीमागे डोंगर घेऊन स्वतःचंच तोंड काढत होता. डोंगराकडे पाठ करून डोंगर बघायला आलेले लोक. त्याच्या वर्गाला येणारे यांच्याहून बरे होते असंही नाही. निवृत्त झालेले हाडांचे डॉक्टर, वकील, घरं विकणारे. त्याच्या जुन्या ट्रकपेक्षा महाग कॅमेरे गळ्यात घालून पहाटे कड्यावर तिपाया लावत, बदकांसारखे एका ओळीत, आणि सूर्य वर आला की सगळे एकदम एकच फोटो काढत. मग त्याच्याकडे वळून विचारत, "थेन, तुझं सेटिंग काय होतं?" तो सांगायचा. ते वहीत लिहून घ्यायचे. संध्याकाळी जेवणाच्या वेळी तो त्यांना घळीची गोष्ट सांगायचा, कारण त्यासाठीच ते येत. एकटा चालत गेलो, फोटो काढला आणि परतताना वाट हरवलो. अंधार पडेपर्यंत आत होतो. दरीने मला ठेवून घेतलं. इथे तो थांबायचा. निम्म्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याला त्यांच्या डोळ्यांची आणि त्या पाण्याची किळस यायची, आणि पुढच्या वर्षी तो तीच गोष्ट तिथेच थांबून पुन्हा सांगायचा.

पंगविचला त्याने ट्रक थांबवून सूप घेतलं आणि डाव्या बाजूने प्यायलं. दाढ आता कानापर्यंत बोलत होती. याच टेबलावर नाही, पण याच खानावळीत त्याच्या बायकोने, नोरीनने, एकदा त्याला विचारलं होतं की बावीस वर्षं आपण एकत्र फिरतोय, तुझ्या एकाही फोटोत मी कशी नाही? "तुला काय खडक व्हायचंय का?" तो म्हणाला होता. तेव्हा त्याला ते उत्तर आवडलंही होतं. नोरीन हसली नव्हती. तिने हातातली ब्रेडची कड नीट बशीत ठेवली होती आणि पुढल्या उन्हाळ्यात बॉयसीला गवताचे फवारे विकणाऱ्या एका माणसाबरोबर राहायला गेली होती. तो माणूस तिचे ढिगाने फोटो काढायचा: नोरीन आणि केक, नोरीन आणि कुत्रा. सगळे फोटो वाकडे. नाताळला ती त्यातला एक पाठवायची, आणि थेन तो वाकडेपणा बघून मनाशी समाधान पावायचा.

रात्र कानाबच्या मोटेलात कुशी बदलत काढून दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो पोचला. त्याच्या आठवणीत तिथे काहीच नव्हतं. वाळूचा कोरडा ओढा, दोन जुनिपरची झाडं आणि बकऱ्या राखणारी एक बाई. बाईला इंग्रजी येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं. त्याने हातांनी भिंती दाखवल्या, मधली फट दाखवली, आणि ती पुढे चालू लागली. तेवढंच त्याला आठवत होतं, आणि तेही गोष्ट सांगताना तो गाळत असे, कारण वाट दाखवणारं कुणी असलं की दरी आपल्याला ठेवून घेत नाही. आता त्या जागी पत्र्याचं मोठं छप्पर होतं, बाकं होती, चार उघडे ट्रक उभे होते आणि साठ-सत्तर माणसं टोप्या घालून पाण्याच्या बाटल्या धरून उन्हात उभी होती. तो त्यांच्यात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला रांगेत उभं केलं होतं.

गाइड बाई चाळिशीच्या आतली, रुंद खांद्यांची, केसांचा घट्ट अंबाडा, गॉगल कपाळावर. शर्टावर नावाची पट्टी: शर्लीन एट्सिट्टी. "माझ्या मागे चला, भिंतींना हात लावू नका आणि एकमेकांना ढकलू नका," ती म्हणाली. "ढकलायचंच असेल तर ज्याच्याशी लग्न झालंय त्यालाच ढकला." लोक हसले. थेन हसला नाही. आत शिरल्यावर गारवा लागला आणि वरून उजेडाची एक पट्टी खाली आली. एका क्षणात तो एकोणतीस वर्षांचा झाला. वाळूचा तोच वास, थंड आणि किंचित लोखंडी. मग समोरच्या माणसाने बायकोला विचारलं, "तुला नाही वाटत हे घशाच्या आतल्यासारखं दिसतं?" आणि तो पुन्हा सहासष्टचा झाला.

वळणापाशी शर्लीन थांबली. वर खोड होतं तसंच अडकलेलं. "सगळे जवळ या," ती म्हणाली. "या जागेला आमच्या घरात 'बाजूला' म्हणतात. का, सांगते. मी तान्ही होते तेव्हाची गोष्ट. एक गोरा फोटोवाला आला, पाठीवर हे एवढं पेटाऱ्याएवढं कॅमेऱ्याचं खोकं. आईने त्याला वाट दाखवली. आईचीच घळ, आईच्याच बकऱ्या. त्याने इथे खोकं मांडलं, डोक्यावर काळं फडकं घेतलं, आणि फडक्यातून हात बाहेर काढून आईला असं केलं." तिने मनगट झटकून दाखवलं, माशी हाकलावी तसं. "बाजूला हो. त्याला खडकाचा फोटो काढायचा होता. आई म्हणाली, बरं बाबा. आणि बाजूला झाली. इतकी बाजूला झाली, की बकऱ्या घेऊन घरीच निघून गेली." घळीत हशा उसळला आणि भिंतींवरून फिरून परत आला. शर्लीनने तो ओसरू दिला. तिला थांबायचं कुठे ते बरोबर कळत होतं. "आता बाहेर पडायची वाट कुणाला माहीत? आईला. तो अंधार पडेपर्यंत आतल्या आत फिरत होता. आई मधून मधून वर कड्यावर येऊन बघून जायची, जिवंत आहे की नाही. शेवटी दया आली, तेव्हा एक बकरी आत सोडली. बकरीच्या मागून बाहेर आला. तिला वाटेत थँक्यू म्हणत होता."

सगळे पुन्हा हसले. घशाच्या आतल्यासारखं म्हणणारा माणूस सगळ्यांत जास्त हसला आणि थेनच्या दंडावर थाप मारून म्हणाला, "बकरीला थँक्यू म्हणे." थेनला बकरी आठवली. ती आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. पांढरी, एक कान फाटलेली. तो खरोखरच तिच्याशी बोलत होता. वर्षानुवर्षं तो जी गोष्ट सांगत आला होता ती इथे रोज पाच-सहा वेळा सांगितली जात होती, त्याच्यापेक्षा चांगली, आणि त्यातला मूर्ख तो होता. दंतवैद्याच्या काउंटरवरची मुलगीही याच्यावर हसून गेली होती. आपल्याला राग यायला हवा, असं त्याला वाटलं. राग आलाही, पण तो कुणावर काढायचा ते सापडेना. ज्यांना ज्यांना तुच्छ लेखावं त्यांची यादी त्याच्याकडे नेहमी तयार असे, आणि त्या यादीत आज कुणीच बसेना.

टूर संपल्यावर लोक ट्रककडे गेले. तो मागे राहिला. शर्लीन छपराखाली उभी राहून तव्यावरच्या रोटीत गुंडाळलेलं मटण खात होती. "तो माणूस मी," तो म्हणाला.

तिने चावायचं थांबवून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आई म्हणायची, उंच होता."

"होतो."

"बसा, चेई." आजोबाला मारतात ती हाक होती, पण तिच्या तोंडात ती चिमटा काढल्यासारखी वाटली. "रागावलात?"

"ही जागा मी कुणाला सांगितली नाही. इतकी वर्षं."

"कुणी सांगितलं होतं गुप्त ठेवायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"आई म्हणायची, फोटो पाठवतो म्हणून गेलाय," शर्लीन म्हणाली. "केबिटोच्या दुकानात आमचं टपाल यायचं. बरेच दिवस विचारत होती. मग विचारायची सोडली आणि मग त्याची गंमत करून सांगायला लागली. सगळी गावं हसायची. ती गेली त्याला बारा वर्षं झाली."

"मी पाठवतो. मोठा करून, चौकट लावून," तो घाईने म्हणाला. "संग्रहालयात आहे तो. तुम्हाला देईन."

"त्यात आई आहे?"

"नाही."

"मग आम्ही त्याचं काय करू? खडक आहेत आमच्याकडे." तिने बोट चाटलं. तिच्या आवाजात राग नव्हता. घरी आलेल्या विक्रेत्याला नको म्हणावं तसं ती बोलली होती. त्याच्या आयुष्याच्या कामाबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं, आणि ते मटण खाता खाता बोललं गेलं. तो उठला आणि मग, उठता उठता, त्याला आठवलं. "एक निगेटिव्ह आहे," तो म्हणाला. "तिला बाजूला करायच्या आधीची. त्यात ती असेल."

आता पहिल्यांदाच शर्लीनचा चेहरा गंभीर झाला. "आईचा ओळखपत्रावरचा एक फोटो आहे. बाकी काही नाही." मग ती खांदे उडवून उभी राहिली, कारण पुढचा गट जमला होता. "शोधा. पण पाठवतो म्हणू नका. ते आम्ही एकदा ऐकलंय."

निगेटिव्ह तळघरात होती, जिथे असायला हवी तिथेच. तो नीटनेटका माणूस होता. पाकिटावर त्याच्याच अक्षरात तारीख होती, लेन्स किती वेळ उघडी ठेवली ते, 'आठ सेकंद', लिहिलेलं होतं आणि त्यावर लाल पेन्सिलीची फुली. त्याने रात्रीतून डार्करूम झाडली, औषधं कालवली आणि प्रिंट केला. त्याला जसे येत तसाच, काळे भाग खोल काळे, उजेड भिंतीवरून मधासारखा ओघळणारा. डाव्या बाजूला, उजेडाच्या पट्टीत, बकरीच्या गळ्यावर हात ठेवून एक बाई उभी होती. लांब झगा, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. बाई असूनही फोटो चांगला होता, हे त्याला नाइलाजाने कबूल करावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सहा तास गाडी चालवून गेला. दाढेला आता गालाचीही साथ होती. आपल्याला काय ऐकायचंय ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असल्याची थोडी लाजही वाटत होती.

शर्लीनने हात पुसून प्रिंट दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. "ही अर्डिथ मावशी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मावशी. आई यात कुठाय?"

त्याला एकच बाई आठवत होती. एकच बाई पुढे चालली होती, एकच बाई बाजूला झाली होती. तो हे सांगणार होता, पण शर्लीनने कागद उन्हात तिरपा धरला आणि उजवीकडच्या काळ्या भागावर नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं. तो भाग त्याने मुद्दाम काळा केला होता. डोळा उजेडाकडे जावा म्हणून. "इथे," ती म्हणाली. "इथे कुणीतरी आहे. हा बघा, हात. आणि ही बाळाला बांधतात त्या पाळण्याच्या फळीची कमान." तिचं बोट कागदाच्या वर तसंच राहिलं. "चेई, ही आई आहे. आणि फळीत मी." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. "हे जरा उजळ होईल?"

"होईल," तो म्हणाला. "पण मग खडक जाईल. पांढरा पडेल सगळा."

"जाऊ दे की."

परत येऊन त्याने पहिला प्रिंट उजळ काढला आणि त्यात शर्लीनच्या आईची कड दिसली. दुसऱ्यात झगा. तिसऱ्यात मावशी आणि बकरी उजेडात विरून चालल्या तेव्हा त्याने बाकीच्या कागदावर हाताची सावली धरून त्यांच्यावर जास्त उजेड सोडला. त्यांना तेवढं राखलं आणि बाकीच्याचा नाद सोडला. चौथ्यात घळ उरली नाही. वळण, खोड, भिंतींवरच्या लाटा, ज्यांच्यावर त्याने आयुष्य काढलं होतं, ते सगळं खडूच्या भुकटीसारखं झालं. कुणा विद्यार्थ्याने असा प्रिंट समोर ठेवला असता तर त्याने सगळ्यांदेखत तो फाडला असता. त्या फिकट, घाणेरड्या कागदावर दोन बायका उभ्या होत्या. उजवीकडची तरुण होती, शर्लीनहून बरीच लहान. ती हसत नव्हती. तिने हनुवटी किंचित वर केली होती, केस कानामागे सारले होते, आणि छातीशी धरलेली फळी समोर वळवली होती, बाळाचं तोंड कॅमेऱ्याकडे येईल अशी.

त्याने भिंग लावून बघितलं. बकरीचं डोकं हललं होतं, तिथे नुसता धूर होता. बाकी कुणी तसूभर हललं नव्हतं. मावशीच्या माळेचा मणी अन् मणी मोजता येत होता. तान्ह्याचे झोपेतले मिटलेले डोळे, आईच्या पापण्या, फळीवरची तिची बोटं, सगळं धारदार. आठ सेकंद कुणी चुकून असं उभं राहत नाही. त्या उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी आपला फोटो काढतंय म्हणून श्वास धरून, नीटनेटक्या होऊन, बाळाला दाखवत उभ्या राहिल्या होत्या, आणि आठ सेकंद पुरे झाल्यावर काळ्या फडक्यातून एक हात बाहेर आला होता.